झेंडू आणि झेंड्या

कांचनला लेकीच्या लग्नात फुलं हवी होती, पण पाप नको होतं.

फुलांना पाप असतं हे तिला मार्चपर्यंत माहीत नव्हतं. मग उर्वी बॉस्टनहून आली आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर चढून बसत तिनं आईला सगळं समजावलं. दुकानातला गुलाब विमानानं येतो, त्याच्यावर विषारी फवारे मारलेले असतात, तो खुडणाऱ्या बायकांच्या हाताची सालं निघतात. असल्या फुलांखाली उभं राहून आपण लग्न करणार नाही. "इट हॅज टु बी लोकल, मॉम. अँड ऑर्गॅनिक. नाहीतर फ्लॉवर्सच नकोत." कांचननं गंभीरपणे मान हलवली. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींत कुणी लग्नाला हत्ती आणला होता, कुणी नवरदेवाला हेलिकॉप्टरनं उतरवलं होतं. बिनपापाची फुलं अजून कुणी आणली नव्हती.

कांचनची कन्सल्टिंग कंपनी होती. म्हणजे ती पुण्याहून पोरं मागवायची आणि दुसऱ्यांच्या ऑफिसात बसवायची. त्यातला एक यतीन. त्याच्या ग्रीन कार्डची फाइल कांचनच्या टेबलावर दोन वर्षं बसून होती. एप्रिलात यतीननं सहज सांगितलं, की सासवडकडून आईबाबा आलेत, सहा महिने राहतील, बाबांची तीस वर्षं फुलशेती झाली. कांचननं हातातला फोन खाली ठेवला.

"फुलशेती? झेंडू वगैरे?"

"झेंडू, ॲस्टर, शेवंती."

"यतीन, दिस इज डेस्टिनी यार," कांचन म्हणाली.

त्याच रविवारी ती स्वतः यतीनच्या अपार्टमेंटवर आली. तिची हायब्रिड गाडी इतकी गुपचूप आली, की बाल्कनीत बसलेल्या यतीनच्या आईला, रत्नाला, ती उतरेपर्यंत कळलं नाही. रत्नाचा नवरा विष्णू बासष्ट वर्षांचा होता आणि कांचन एकोणसाठची, पण आल्याआल्या तिनं त्याला काका करून टाकलं.

"काका, घरामागं आमची तीन एकर जागा आहे. झाडीला लागून एक पट्टा देते तुम्हाला. लेबर डेच्या वीकेंडला लग्न आहे. एकच अट. केमिकल एक थेंबही नको. आणि हा तुमचा उर्वीला आहेर समजायचा हं."

"लेबर डे म्हंजी कंधी?" विष्णूनं लेकाला विचारलं.

"लग्न एक सप्टेंबरला, बाबा."

"सरावनात?" रत्ना म्हणाली. "सरावनात लगीन?"

"हॉल आणि टेंटवाला तेव्हाच मिळतो, मावशी," कांचन हसून म्हणाली. "इथं तोच मुहूर्त."

यतीननं आईकडे डोळे वटारले. विष्णूचं लक्षच नव्हतं. तो मनात दिवस मोजत होता. आज टाकलं तर पंचवीस दिवसांत रोप, पुढं साठ-सत्तर दिवसांत फूल. बसतंय.

त्याला एक गोष्ट बघायची होती. तीस वर्षं त्यानं पहाटे फुलं खुडली, क्रेट भरले, टेम्पोत चढवले आणि पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवले. तिथून ती कुठं जात, कुणाच्या दाराला लागत, त्याला कधी कळलं नाही. स्वतःच्या पोराचं लग्नसुद्धा पुण्यात ठरता ठरता मोडलं. आपल्या वावरातलं फूल लग्नाच्या मांडवाला लागलेलं त्यानं या वयापर्यंत पाहिलं नव्हतं. हे तो कुणाला बोलला नाही. रत्नाला न सांगताच माहीत होतं.

अंड्यांच्या पुठ्ठ्यांत माती भरून त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर बी टाकलं. बुटका, फुटपाथच्या कडेला लावायचा झेंडू इथं ढिगानं मिळत होता. तो बघून विष्णू नुसता हसला होता. यतीननं इंटरनेटवरून उंच जातीचं बी मागवलं. मे संपता संपता त्यानं पट्टा खणला. ट्रॅक्टर नको, त्याचा धूर होतो, असं उर्वीनं कळवलं होतं. धूर होत नाही असं एकच यंत्र तिथं होतं आणि ते बासष्ट वर्षांचं होतं. जुन्या कुरणाची मुळं तारेसारखी गुंतलेली. कुदळ मारली की टणकन दगड लागायचा आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. नऊ दिवसांनी पट्टा तयार झाला तेव्हा विष्णूच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. तीस वर्षांत त्याला फोड आले नव्हते.

यतीन न्यूयॉर्कची गाडी पकडायच्या आधी सहाला आईबाबांना तिथं सोडायचा आणि संध्याकाळी सातला न्यायचा. मधले तेरा तास ती दोघं त्या पट्ट्यात. घर मोठं होतं, चार बाथरूम होती. कांचननं बेसमेंटचं एक त्यांना दिलं आणि दारापासून तिथपर्यंत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. "कार्पेट नवीन आहे ना, काका." रत्नाचे गुडघे गेलेले. कागदावरून पाय घसरायचा, म्हणून ती भिंतीला धरून जायची. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तिच्या हाताचे डाग दिसले आणि कागद भिंतीलाही लागले. त्यानंतर रत्नानं दिवसा पाणी पिणंच कमी केलं.

पाण्याचा तर मोठाच विनोद होता. कांचननं पावसाचं पाणी साठवायचं एक पिंप आणलं होतं. फुलांना फक्त त्यातलं पाणी घालायचं, नळाचं नाही, असं ठरलं, कारण नळाचं पाणी सस्टेनेबल नव्हतं. जूनच्या मध्यापासून पाऊस गेला. पिंपाच्या तळाला बोटभर हिरवं पाणी आणि डासाच्या अळ्या उरल्या. आणि रोज पहाटे हिरवळीतून सतरा फवारे फिस्स करून वर यायचे आणि तीन एकर गवताला चाळीस मिनिटं न्हाऊ घालायचे. विष्णू ते बघत उभा राहायचा. चार दिवस त्यानं बघितलं. पाचव्या दिवशी त्यानं कडेच्या फवाऱ्याखाली दोन बादल्या ठेवल्या.

कांचन कॉफीचा मग घेऊन डेकवर आली. "काका! हे चीटिंग झालं."

"ताई, रोपं माना टाकायला लागली."

"हो, पण उर्वीनं ब्लॉगवर लिहिलंय ना, ओन्ली रेनवॉटर म्हणून. लोक वाचतात."

"मंग ह्ये गवताला घालता त्ये?"

"लॉनचं वेगळं असतं," कांचन म्हणाली. "लॉन धरत नाहीत."

तिनं बादल्या उपड्या केल्या नाहीत, तेवढी सभ्यता तिच्यात होती. ती नुसती मग हातात धरून उभी राहिली. शेवटी विष्णूनं स्वतःच त्या उचलल्या आणि ते पाणी गवतात ओतलं. त्या संध्याकाळपासून यतीन गाडीच्या डिकीत घरून पाण्याचे डबे भरून आणू लागला. नळाचंच पाणी. कांचननं ते पाहिलं आणि डब्यात काय आहे ते विचारलं नाही.

लॉनचा माणूस पंधरा दिवसांनी यायचा. टाकीचा ट्रक, लांबच लांब पाइप, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तो गवतावर काहीतरी फवारत फिरायचा आणि जाताना कडेनं वीतभर उंचीच्या पिवळ्या झेंड्या रोवायचा. विष्णूनं पहिल्याच दिवशी नाक वर केलं.

"यतीन, ह्यो वास औषधाचा हाय. तनाचं औषध मारतोय त्यो."

"असेल, बाबा."

"आन् त्या झेंड्यांवर काय लिवलंय?"

यतीननं झेंडी वाचली. मग रस्त्याकडे बघितलं. "काही नाही. लॉनवाल्याची खूण आहे."

जूनच्या शेवटी फवारणीच्या दिवशी वारा झाडीकडून न वाहता घराकडून वाहिला आणि तिसऱ्या दिवशी कडेच्या तीन ओळींची पानं पिळवटली. शेंडे करंगळीसारखे वाकडे झाले. विष्णू ओळीत उकिडवा बसून एकेक पान उलटं करून बघत राहिला. रोगाचं वळण त्याला ठाऊक होतं आणि औषधाचंही.

"कांचनताईला सांग. म्हनावं, फकस्त ह्या बाजूनं मारू नगा."

"बाबा, लग्नाचे पाहुणे लॉनवर बसणार. त्यांना गवतात एक डँडेलियनचं तण दिसलेलं चालत नाही. आणि माझी फाइल..." यतीननं वाक्य तिथंच सोडलं. आईबाबांना सून आणून देता आली नाही, पण फाइल त्यानं जिवापाड जपली होती.

विष्णूनं त्या तीन ओळी उपटल्या. एकशे ऐंशी झाडं. ती त्यानं झाडीत लांब नेऊन टाकली, कारण तसलं झाड खतात घालू नये एवढं त्याला कळत होतं. उरलेल्या झाडांचे शेंडे त्यानं खुडले, म्हणजे फुटवे धरतील. पहिल्या कळ्याही काढल्या. तेव्हा उर्वी आलेली होती. तिनं ते पाहिलं आणि "ओ माय गॉड, ही इज किलिंग देम," म्हणून आईला हाका मारल्या. विष्णूनं दोन बोटं दाखवून, मग दहा बोटं पसरून, एकाच्या जागी दहा येतील असं तिला समजावायचा प्रयत्न केला. उर्वीला ती बोटं फार आवडली. काळ्या भेगा, नखांत माती, फोडांच्या जागी घट्टे. तिनं कॅमेरा आणून त्याच्या हातांचे फोटो काढले. तोंड फोटोत येऊ लागलं तेव्हा तिनं हातानं खूण करून त्याला जरा मागं सरायला सांगितलं. ब्लॉगवर फोटो लागला. यतीननं घरी दाखवला.

"हात तुमचंच हायती," रत्ना म्हणाली. "बाकीचा मानूस कुटं ग्येला?"

जुलैत किडे आले. तांबूस-हिरव्या पाठीचे, चकाकणारे, तांदळाच्या दाण्याहून मोठे. ते फुलात घुसून पाकळ्या चाळणीसारख्या करायचे. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा विष्णू आणि रत्ना डब्यात पाणी घेऊन एकेक झाड झटकायची. डबा भरायचा, दुसऱ्या दिवशी तितकेच परत. शेवटी रत्नानं यतीनच्या मिक्सरमध्ये शेरभर लसूण आणि दोन किलो हिरव्या मिरच्या वाटल्या. अपार्टमेंटभर असा ठसका उठला, की धुराचा भोंगा वाजला आणि वरच्या मजल्यावरची गोरी बाई रुमाल नाकाला लावून खाली आली. रत्नाचे हात मनगटापर्यंत दोन दिवस पेटलेले होते. ती ताकात हात बुडवून बसायची. ते वाटण पातळ करून, फडक्यातून गाळून विष्णूनं फवारणीच्या पंपानं मारलं. किडे हटले.

त्याच आठवड्यात कांचन दोन मैत्रिणींना पट्टा दाखवायला घेऊन आली.

"काका, केमिकल नाही ना काही?"

"छ्या, छ्या, ताई. केमिकल कशाला? औषध मारलंय निस्तं."

कांचनचा चेहरा उजळला. ठाण्यात वाढलेली आणि तीस वर्षं हृदयाच्या डॉक्टरच्या घरात राहिलेली बाई ती. औषध म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर खलबत्ता, तुळस आणि काढा. ती मैत्रिणींकडे वळली. "ही यूझेस औषध. आयुर्वेदा! ऑन फ्लॉवर्स!" मैत्रिणींनी हात छातीशी नेले. महिनाभरात टेबलांवर ठेवायची कार्डं छापून आली. जुन्या कागदाच्या लगद्याची, खरबरीत. आयुर्वेदिक औषधांनी वाढवलेली फुलं, असं त्यांवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. विष्णूचं नाव नव्हतं. 'एका पारंपरिक शेतकऱ्याच्या हातांनी' एवढंच होतं. हातांना फार मागणी होती.

ऑगस्टात पट्टा पेटला. केशरी आणि हळदी, मुठीएवढी फुलं, देठ भक्कम. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या. विष्णू संध्याकाळी यतीनची वाट बघत बांधावर बसायचा आणि नुसता बघायचा. रत्ना त्याच्याकडे बघायची. त्याचं वजन अडीच महिन्यांत सहा किलोनं उतरलं होतं आणि तो खूश होता. नवरा खूश असला की रत्नाला काळजी वाटायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दोघं उजाडताना पट्ट्यात आली तेव्हा लॉनचा ट्रक नुकताच बाहेर पडत होता. गवत ओलं होतं आणि वास होता. विष्णूनं तिकडं पाठ केली आणि खुडायला बसला. दुपारी दोनपर्यंत तेवीस क्रेट भरले. रत्ना उलट्या बादलीवर बसून तोरणं ओवत होती. दोन केशरी, एक हळदी, मध्ये आंब्याचं पान मिळेना म्हणून झाडीतलं ओकचं पान. पाच मोठी तोरणं आणि मांडवाच्या खांबांना गुंडाळायच्या चाळीस माळा. सुईनं तिच्या अंगठ्याला भोक पडलं होतं आणि ती त्याच अंगठ्यानं सुई ढकलत होती.

चारला मेंदीच्या पाहुण्या आल्या. हिरवळीवर पांढरा तंबू उभा होता, पण ऊन कलल्यावर बायका गवतातच सतरंज्या टाकून बसल्या. कोपरापर्यंत हात आणि पोटरीपर्यंत पाय, ओली मेंदी, अनवाणी पाय गवतात सोडलेले. मध्ये उर्वी. कांचननं सगळ्यांना क्रेट दाखवायला बोलावलं. नवऱ्या मुलाचे काका गिरीशही आले. ते आता न्यू जर्सीत विम्याचं काम करायचे, पण त्याआधी पंधरा वर्षं सांगली-कोल्हापूर भागात कीटकनाशकं विकत हिंडलेले होते. फूल हातात घेऊन त्यांनी देठ वाकवून बघितला, पाकळ्या उलट्या केल्या.

"अहो, एकही भोक नाही! इथले बीटल तर फाडून खातात. काय केलंत हो पाटील किडीला?"

"औषध मारलं की," विष्णू म्हणाला. "दोन येळा."

गिरीश मोठ्यानं हसले. "कांचनवहिनी, कार्डावर काय छापलंय तुम्ही? आयुर्वेद?" त्यांना हसू आवरेना. "अहो, गावाकडं औषध म्हणजे पेस्टिसाइड! मी पंधरा वर्षं विकलंय. औषध मारलं म्हणजे फवारलं!"

 उर्वीनं आईकडे बघितलं. "मॉम? पेस्टिसाइड?"

"न्हाई, न्हाई," विष्णू उठला. गुडघ्यांची माती त्यानं झटकली. "लसून-मिरचीचं औषध, ताई. हिनं घरी वाटलंय. इचारा यतीनला."

"सगळे असंच सांगतात," गिरीश कांचनला हळू म्हणाले, पण हळू बोलायची त्यांना सवय नव्हती. "विचारलं की लसूण-मिरची. खोलीत बाटली वेगळीच असते."

उर्वी रडायला लागली. रडताना तिनं मेंदीचे हात दोन्ही बाजूंना लांब धरले होते, रंग बिघडू नये म्हणून. आपण वर्षभर काय लिहिलं, लोक काय म्हणतील, आय ट्रस्टेड हिम, असं ती इंग्रजीत म्हणत होती. विष्णूला त्यातलं काही कळलं नाही, तरी सगळं कळलं.  तीस वर्षांत त्याच्या क्रेटमध्ये तळाला कुजकं फूल भरलेलं कुणी काढलं नव्हतं.

रत्ना भिंतीला धरून उठावं तशी क्रेटला धरून उठली. पंपाशेजारी सोड्याची मोठी बाटली होती. तळाला वीतभर हिरवट पाणी, सोमवारी केलेलं. तिनं बूच काढलं आणि बाटली तोंडाला लावली. एक घोट, दोन घोट, तीन.

"अहो!" गिरीश किंचाळले. हसणं कुठल्या कुठं गेलं. त्या पंधरा वर्षांत त्यांनी हा प्रकार कुठंतरी पाहिलेला असावा. "अहो, बाईंनी औषध घेतलं! औषध प्यायल्या!"

कांचनचे यजमान डॉक्टर प्रताप तंबूतून धावत आले. चष्मा गवतात पडला. "व्हॉट डिड शी टेक? कुठलं होतं? कॉल नाइन वन वन!" एका पाहुण्या बाईनं फोन काढला. कांचननं त्या बाईचं मनगट धरलं.

"एक मिनिट. वन मिनिट. ॲम्ब्युलन्स आली की पोलीस येतात. उद्या लग्न आहे. प्रताप, तू आधी बघ ना."

प्रतापनं बायकोकडे बघितलं आणि रत्नाची नाडी धरली. रत्नाच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं. तिला ठसका लागला. मग मोठी ढेकर आली आणि तिचा वास पहिल्या सतरंजीपर्यंत गेला. लसूण. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

"मीठ न्हाई घातलं," रत्ना पदरानं तोंड पुसत म्हणाली. "न्हाईतर ठेचाच हाय. घ्या की सायेब, चाखा. तुमी इकलंय न्हवं पंदरा वर्सं?"

तिनं बाटली गिरीशपुढं धरली. गिरीश दोन पावलं मागं सरले.

यतीन लवकर सुटून आला होता. तो गाडीपाशीच थांबून हे सगळं बघत होता. कांचन भानावर आली. माफी मागायची असते, हे तिला बहुधा आठवलंही. पण उर्वीनं नकारार्थी मान हलवली. आता मन उडालं, म्हणाली. शिवाय याला सर्टिफिकेट कुठं आहे? लग्नाच्या प्लॅनरनं तासाभरात ऑर्किडची सोय केली असती. थायलंडची होती, पण सर्टिफाइड.

"काका, राग मानू नका," कांचन हात जोडून म्हणाली. "तिचा दिवस आहे. ही फुलं तुम्ही न्या. बागेत टाकू नका मात्र. यतीन, गॅरेजमध्ये काळ्या पिशव्या आहेत बघ. त्यात भर."

यतीन गेला. विष्णू आपल्या क्रेटपाशी उभा होता. वरच्या क्रेटमधून एक माळ अर्धी बाहेर लोंबत होती, ती त्यानं उचलून नीट आत ठेवली.

यतीन परत आला तेव्हा त्याच्या हातात पिशव्या नव्हत्या. कचऱ्याच्या डब्यात सगळ्यात वर सापडलेला पिवळ्या झेंड्यांचा जुडगा होता. सकाळी लॉनवाल्यानं रोवलेल्या आणि फोटोत दिसतील म्हणून दुपारी उपटलेल्या.

विष्णूनं झेंड्या बघितल्या. "काय लिवलंय रं त्याच्यावर? जूनपासनं इचारतोय."

यतीननं कांचनकडे बघितलं.  फाइल, दोन वर्षं, टेबल, सगळं त्या एका बघण्यात होतं.

"औषध मारलंय म्हणून लिहिलंय, बाबा," तो मोठ्यानं म्हणाला. "पेस्टिसाइड ॲप्लिकेशन. चोवीस तास गवतावर कुणी पाय ठेवू नये. मुलांना, जनावरांना दूर ठेवा."

मग तो एकेक झेंडी घेऊन हिरवळीच्या कडेनं रोवत निघाला. उर्वीच्या सतरंजीच्या पुढ्यात एक. तंबूच्या दाराशी एक. कुणी त्याला थांबवलं नाही. बायका आपापल्या पायांकडे बघत होत्या. एकीनं पाय उचलले. मग दुसरीनं. मेंदी ओली, चालता येईना, टेकवता येईना. वीसएक बायका दोन्ही पाय हवेत धरून, हातांचा आधार न घेता, सतरंज्यांवर डुलत बसल्या. उर्वीही.

"यतीन, विल यू प्लीज," कांचन म्हणाली.  पाहुण्यांतली एक म्हातारी बाई स्पष्ट म्हणाली, "अगं, मग त्यांचीच फुलं बरी की गं." दोघी-तिघींनी माना हलवल्या. कांचननं ते ऐकलं. ती लगबगीनं क्रेटपाशी आली. आवाज एकदम मऊ झाला.

"काका, राहू द्या फुलं. काय आपण बारीकसारीक धरून बसलोय! हीच लावू या. उर्वी, बेटा, येस? काका, तुम्हीच या उद्या. तुमच्या हातानं बांधा तोरण."

विष्णूनं तंबूतल्या मांडवाकडे बघितलं. पांढरे खांब, वरची आडवी दांडी, तोरणाला बरोबर माप.  रत्नानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. याच्यासाठीच तो चार महिने वाकला होता. आता नुसतं हो म्हणायचं होतं.

त्यानं वाकून पहिला क्रेट उचलला.

"न्हाई, ताई. औषध मारल्यालं हाय तितं," तो म्हणाला. "तसल्या जागी फुलं ठिवत न्हाई आमी."

तेवीस क्रेट गाडीत मावेनात. यतीननं मागची सीट पाडली, पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर दोन दिले, टपावर सहा बांधले. विष्णू मागं क्रेटांच्या मध्ये अंग चोरून बसला. वळणावर लॉनचा वास मागं पडला, तसा यतीननं एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या.